पिळायची भाजी आणि न पिळायची

उगूची पालेभाजी स्वतःच्या हाताने पिकवून मुलीच्या होणाऱ्या सासूला खाऊ घातली तर मला नेमकं काय मिळणार, याची मी आधी मांडणी केली होती. छत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात हिशेबतपासनीस म्हणून काढलेला माणूस मांडणी केल्याशिवाय शिंकतही नाही. जमेच्या बाजूला तीन कलमं होती. पहिलं, त्या सासूबाईंचं, म्हणजे म्मा आतिम यांचं तोंड बंद होणं. दुसरं, निवृत्तीनंतर बायकोच्या, म्हणजे इया सिमीच्या, सिमीच्या आईच्या, नजरेत उतरलेला माझा भाव पुन्हा चढणं. तिसरं, शेजारचे ओकवुदिली. हे गृहस्थ इग्बो जमातीचे असल्यामुळे उगू ही आपल्या वडिलांची इस्टेट समजतात. त्यांना निदान एकदा तरी भिंतीवरून माझ्या वेलांकडे बघून गप्प बसावं लागणं. खर्चाच्या बाजूला होती भिंतीमागची जमिनीची एक पट्टी, तीन महिने आणि माझी कंबर. नफाच नफा. ती पट्टी कोणाची, हे कलम मी मांडणीत घेतलंच नव्हतं.

म्मा आतिम कालाबारच्या. त्यांचा मुलगा एफियोम आणि आमची सिमी लागोसला एकाच कचेरीत आहेत. ईस्टरनंतर बाई पहिल्यांदा इबादानला आमच्या घरी आल्या. इया सिमीनं एफो रिरो केली होती, शोकोची. आता आम्हा योरुबांच्या घरात शोकोची पानं आधी उकळत्या पाण्यात बुडवतात, मग मुठीत धरून घट्ट पिळतात आणि मग मिरची-टोमॅटोच्या लाल तेलात सोडतात. माझ्या आईनं तसंच केलं, तिच्या आईनंही तसंच केलं. म्मा आतिमनी मांस खाल्लं, मासा खाल्ला, आणि हिरवा भाग निकालात काढलेल्या फायलीसारखा ताटाच्या कडेला सारून ठेवला.

“आवडली नाही का?” इया सिमीनं विचारलं.

“छान आहे हो,” त्या म्हणाल्या. “पण बिचारीला इतकं पिळलंत. तिनं काय गुन्हा केला होता?”

एफियोम ताटात बघत राहिला. सिमी हसली, पण ते हसू मला ओळखीचं होतं. दहावीचा निकाल सांगताना तिनं तेच हसू वापरलं होतं. माझ्यातला बाप जागा झाला. निवृत्त माणसातला बाप फार झोपलेला असतो आणि जागा झाला की काहीही बोलतो.

“पुढच्या खेपेला,” मी म्हणालो, “या घरात तुम्ही एदिकांग इकोंग खाल. माझ्या बागेतल्या उगूची.”

कालाबारच्या माणसाला एदिकांग इकोंगचं वचन देणं म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिकडे बाईची सगळी कीर्ती त्या एका पातेल्यात मोजतात.

“कुठली बाग?” इया सिमीनं योरुबात विचारलं, पाहुण्यांना कळू नये म्हणून. चेहरा मात्र कुणालाही कळण्यासारखा होता.

निघताना सिमीनं मला फाटकाशी बाजूला घेतलं. “डॅडी, सप्टेंबरात रीतसर भेटीला त्यांची तीस माणसं येणार आहेत. मला त्या घरात जन्म काढायचाय. तुम्ही भाजीच्या भानगडीत पडू नका.”

मी तिच्या पाठीवर थोपटलं. ज्या गोष्टीत पडायचं ठरलेलंच असतं, तिच्याबद्दल मी नेहमी असंच थोपटतो.

इथे एक कबुली दिली पाहिजे. मला पाल्यापाल्यातला फरक कळत नव्हता. आमच्या खात्याच्या उपाहारगृहाच्या बिलात सगळा हिरवा पाला ‘पालक’ या एकाच शीर्षाखाली लिहिलेला असे, आणि तो मी छत्तीस वर्षं डोळे मिटून मंजूर केला. शोको असो, तेते असो, म्हणजे माठ, ग्बुरे असो की उगू, चिरून तेलात पडल्यावर सगळ्यांचा रंग एकच. हा सरकारी समज माझ्या डोक्यात पक्का बसला होता.

तो काढायचा प्रयत्न एकाच माणसानं केला. इया एलेफो. नाव तिचं दुसरं काहीतरी असणार, पण भाजीवालीला आम्ही इया एलेफोच म्हणतो, भाजीची आई. एकोणीस वर्षं ती आमच्या वसाहतीच्या फाटकाशी सकाळी टोपलं घेऊन बसत होती. “बाबा सिमी,” ती म्हणायची, “हे बघा. शोकोचं पान लांबट, पिळली तरी तग धरते. तेते नाजूक, तिला नुसती दाबायची. उगूचं पान हाताच्या पंज्यासारखं, तिला पिळलीत तर तिचा जीवच गेला. आणि ही ग्बुरे, जाड आणि रसाची. हिच्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हीच पाणी सोडते.” मी मान हलवायचो आणि तिला विचारायचो, “यातली पालक कुठली?” ती टोपल्यावर पाणी शिंपडायला लागायची. तो तिचा राग.

भिंत आणि नाला यांच्यामधली चाळीस पावलांची पट्टी ती कसत होती. तिथलाच माल ती फाटकाशी आणून विकायची. दोन मुलं तिनं त्या पट्टीवर शिकवली. मला जागा हवी होती ती तीच, कारण वसाहतीत दुसरीकडे मातीच उरलेली नव्हती.

मी तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, “मग मीच लावते की उगू तुमच्यासाठी. तुम्ही सावलीत बसा, पाहुण्यांना सांगा मीच लावली म्हणून.”

“नाही, इया एलेफो. माझ्या हातची पाहिजे.”

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “सिमीचं काम आहे,” ती म्हणाली. “तिला मी बोट धरून हिंडवलंय. घ्या तीन महिने. मी तोवर बाजारातून आणून विकीन. फक्त तो नाल्याकडचा कोपरा तसाच राहू दे.”

“अर्थात,” मी म्हणालो. मी त्या वेळी मनातल्या मनात वेलांना काठ्या किती लागतील ते मोजत होतो.

इथे दुसरा कोणीही माणूस कुदळ घेऊन कामाला लागला असता. पण कागदाशिवाय जमिनीवर पाय ठेवायचा माझा पिंड नाही. मी रहिवासी मंडळाच्या कचेरीत गेलो. चिटणीस अदिगुन हे मंडळाचे एकमेव उत्साही सदस्य.

“कुठली जागा म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“भिंतीमागची.”

“भिंतीमागं आपली जागा आहे?”

त्यांनी कपाटातून वसाहतीचा मूळ नकाशा काढला, झटकला, शिंकले आणि त्याच्यावर वाकले. मग चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः टेप घेऊन आले. एक टोक मी धरलं. “भरते हो, ऑडिटरसाहेब. चाळीस पावलं बरोबर भरते. इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही.” मला अभिमान वाटला. निवृत्तीनंतर माझ्यामुळे एखाद्या दप्तराची चूक दुरुस्त झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

अर्ज तीन प्रतींत होता. पाच हजार नायरा शुल्क, दोन फोटो, तीन सह्या. सातव्या रकान्यात विचारलं होतं : सध्याचा वापर. तिथे ‘भाजीवाली’ लिहिलं असतं तर तिचा अंगठा, तिचे फोटो, तिचं ना-हरकत पत्र आणि वेगळा अर्ज लागला असता. मी लिहिलं, ‘काही नाही.’ तीन महिन्यांचाच तर प्रश्न होता.

जूनच्या पहिल्या शनिवारी मी कुदळ घेतली. पट्टीवरचं एकूण एक तण उपटायचं ठरवून मी नाल्याच्या टोकापासून सुरुवात केली, कारण तिथे ते सर्वांत दाट होतं. जाडसर, रसरशीत, गुलाबी फुलांचं बेशरम झाड. ओढलं की मोडायचं, मोडलं की हात चिकट करायचं. दोन तास मी त्याच्याशी झुंजलो. ओकवुदिली भिंतीवर कोपरं टेकून बघत होते. इंजिनिअर माणूस, काम पूर्ण होईपर्यंत बोलत नाही.

“झालं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“झालं. काय चिवट तण हो.”

“त्या तणाची माझी बायको दर शनिवारी जुडी विकत घेते. ग्बुरे म्हणतात त्याला. एदिकांग इकोंगमध्ये अर्धी उगू असते. उरलेली अर्धी तुम्ही आत्ता नाल्यात टाकलीत.”

“हे तुम्ही दोन तासांपूर्वी सांगितलं असतं तर?”

“मला वाटलं ऑडिटर आहात, तपासूनच उपटत असाल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इया एलेफो टोपलं घेऊन पट्टीवरून गेली. रिकाम्या कोपऱ्याशी थांबली. फाटकाशी जाऊन टोपल्यावर पाणी शिंपडत बसली, आणि ते टोपलं नुकतंच पाण्यातून काढलेलं होतं.

मग बियांचा प्रश्न. उगूत नर आणि मादी वेल वेगळे असतात, पपईत असतं तसंच. मादीचं पान रुंद, कोवळं, खुडाल तसं वाढणारं; नराचं बारीक आणि चिवट, आणि तो लवकर फुलून रिकामा होतो. हे मला ओकवुदिलींनी मी बियाणं घेऊन आल्यानंतर सांगितलं. मी बोदिजा बाजारातून चपट्या, बारीक, एकसारख्या बिया निवडून आणल्या होत्या. एकसारखेपणा ही माझी कमजोरी आहे.

“जाड बी मादीची,” ओकवुदिली म्हणाले.

“सिद्ध झालंय का हे?”

“माझ्या आजीनं सिद्ध केलं होतं.”

“लेखी?”

यावर ते आत निघून गेले. मी बिया लावल्या. सतरा उगवल्या, आणि त्यांच्याबरोबर सगळी वसाहतही उगवली. निवृत्त मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, वेलाशी बोलत जा; मी दोन दिवस बोललो, पण हवापाण्यापलीकडे विषय सुचेना. कोपऱ्यावरच्या हाजींनी राख टाकायला सांगितली. पाद्रीसाहेबांनी राख काढायला सांगितली आणि वर प्रार्थना केली. काठ्यांवरून दोन तट पडले, उभ्या की आडव्या, आणि एका रविवारी माझ्या पट्टीवर माझ्याशिवाय अकरा माणसं उभी राहून भांडत होती. शेवटी काठ्या तिरक्या लागल्या. त्या कुणालाच मान्य नव्हत्या, म्हणून टिकल्या.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी जवळजवळ सगळ्या वेलांवर पांढरी फुलं लगडली. झुबकेच्या झुबके. मी इया सिमीला हाक मारली. तिच्याकडून फोटो काढून घेतले, सिमीला पाठवले. खाली लिहिलं : तुझ्या बापाची बाग.

ओकवुदिली भिंतीवर आले. मी त्यांच्या गप्प बसण्याची वाट बघू लागलो.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “मुलगेच मुलगे.”

“म्हणजे?”

“मादीला फूल उशिरा येतं, आणि येतं ते एकेकटं. हे झुबके नराचे. मी मोजले. सतरापैकी चौदा. फुलांचे हार करा, पानांची आशा सोडा.”

उरलेल्या तीन माद्यांवर त्याच आठवड्यात टोळ बसले. एकूण उत्पन्न माझ्या दोन मुठी. इया सिमीनं ती पानं खिडकीत ठेवून पाहिली आणि म्हणाली, “तीस माणसं येणार आहेत. एकेकाला वास देता येईल.”

“बाजारातून आणू.”

“तुम्ही? तुम्ही आणाल ती पालक.”

म्हणून मी फाटकाशी गेलो. इया एलेफो टोपल्यातल्या जुड्या लावत होती. मी घसा साफ केला. “तीस माणसांना पुरेल इतकी उगू हवी होती. आणि ग्बुरे.”

“ग्बुरे माझ्या कोपऱ्यात होती,” ती म्हणाली.

“हो.”

“उगू पिकली नाही?”

“बहुतेक नर निघाले.”

ती हसली नाही. इतर कुणीही हसलं असतं तर मला बरं वाटलं असतं. “आणते,” एवढंच म्हणाली. समारंभाच्या दिवशी ती पहाटेच्या बसनं बाजारात जाऊन दोन पोती घेऊन आली. पानं चमकत होती. पोती उतरवून घेताना तिनं मला धरून सांगितलं, “आता नीट ऐका. ग्बुरे आधी, पाणी न घालता. उगू अगदी शेवटी, आणि पिळायची नाही. टोमॅटोचं नाव काढायचं नाही. चुलीवर कोण आहे?”

“माझी थोरली बहीण.”

“तिला आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा. मी सांगितलं म्हणून नको, तुम्ही सांगताय म्हणून सांगा.”

“सांगतो.”

आणि मी सांगणारच होतो. पण परसातल्या चार चुलींमागे अँटी मोरेनिके उभी होती, हातात डाव, कमरेला कापड आवळलेलं. थोरल्या बहिणीलाही आम्ही अँटीच म्हणतो; ही माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनं मला न्हाऊ घातलंय. योरुबा माणूस थोरल्या बहिणीसमोर गुडघ्यावर बसतो, तिला भाजी कशी करायची ते शिकवत नाही. योग्य क्षण पाहून, तिचा मूड पाहून सांगावं असं मी ठरवलं. तेवढ्यात फाटकाशी गाड्या आल्या, आणि कालाबारच्या पाहुण्यांनी बाग कुठे आहे असं विचारलं. मी त्यांना भिंतीवरूनच, लांबून, पांढरी फुलं दाखवायला नेलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोटो काढला. पाहुण्यांपैकी दोन बायका फुलांकडे बघून एकमेकींकडे बघत होत्या, त्याचा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. परत आलो तेव्हा अँटी मोरेनिके आणि तिच्या तिन्ही जावा उकळत्या पाण्यातून उगू काढून पिळत होत्या. मुठीमुठीनं. हिरवं पाणी मातीत जात होतं, आणि चौथ्या चुलीवर टोमॅटो लाल झाला होता.

“काय रे?” अँटी म्हणाली. “असा काय बघतोस? भूक लागली?”

“नाही,” मी म्हणालो.

वाढणं झालं. कुटलेल्या याम कंदाचे गोळे पांढरेशुभ्र, शेजारी ते लालसर, चोथ्यासारखं प्रकरण. म्मा आतिमनी एक घास घेतला. थांबल्या. बाकीची माणसं त्यांच्याकडे बघून थांबली. सिमी एफियोमशेजारी बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

“ही उगू कुठली?” म्मा आतिमनी विचारलं.

त्या क्षणी सत्य सांगायला जागा होती. बाजारातली आहे म्हटलं असतं, तर दोष बाजारावर गेला असता आणि सगळे हसून मोकळे झाले असते. पण मी तीन महिने एकच वाक्य पाठ केलं होतं, आणि पाठ केलेलं वाक्य विचारल्याबरोबर बाहेर पडतं.

“माझी,” मी म्हणालो. “या हातांनी लावलेली.”

त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा केला, पाहिला. “हात चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “मूठ फार घट्ट आहे.”

तीस माणसं हसली. वाईट काही नव्हतं त्या हसण्यात; पण घरी जाऊन सांगण्यासारखं काहीतरी मिळालं म्हणून माणसं हसतात, तसं हसली. सिमीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. ती उठली, तिनं पातेल्यातून मोठे दोन डाव स्वतःच्या ताटात घेतले, आणि सगळ्यांसमोर सगळं खाल्लं. शेवटचा घास पाण्याबरोबर घेतला.

लग्न ठरलं. भाजीवरून लग्न मोडत नाहीत. माणसं ती फक्त पुढची तीस वर्षं लक्षात ठेवतात.

सोमवारी मी अदिगुनकडे गेलो. पट्टी तीन महिन्यांसाठी घेतली होती, ती वेळेत परत करणारा बहुधा मी पहिलाच रहिवासी असेन.

“परत?” अदिगुन म्हणाले. “फारच छान. आराखडा मंजूर झालाच आहे. गाड्या उभ्या करायला जागा होतेय तिथे. पाच गाड्या.”

“पण ती इया एलेफोची आहे.”

“कोण?”

“भाजीवाली. ती एकोणीस वर्षं कसते तिथे.”

अदिगुननी फाईल उघडली, माझा अर्ज काढला, सातव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे आदरानं पाहिलं. “साहेब, तुमच्यासारख्या माणसाची सही आहे. आम्ही काय तुमच्यावर अविश्वास दाखवायचा?”

मी तीन पत्रं लिहिली. पहिल्यात खुलासा, दुसऱ्यात विनंती, तिसऱ्यात दिलगिरी. तिसऱ्याला उत्तर आलं : नोंद घेण्यात आली आहे. ऑक्टोबरमध्ये वेल कापले, काँक्रीट ओतलं, पिवळ्या रेघा मारल्या. मंडळाच्या सभेत, जागेची मूळ सूचना ज्याची, त्याला पहिला मान म्हणून जागा क्रमांक एक मला मिळाली. मी नको म्हणालो. नको असल्यास तसं तीन प्रतींत कळवावं लागतं. मी अर्ज आणला, तो टेबलावर पडून राहिला, आणि एका दुपारी कडक ऊन होतं म्हणून इया सिमीनं गाडी तिथे भिंतीच्या सावलीत लावली. ती अजून तिथेच लागते.

इया एलेफो आता रिंग रोडच्या पलीकडे, टायरच्या दुकानासमोर मोठ्या छत्रीखाली बसते. बाजाराचा माल विकते. तिला शोधायला मला दोन आठवडे लागले. त्यातले बारा दिवस मी घरातच होतो.

“बाबा सिमी,” ती म्हणाली. “बसा. कालाबारवाली काय म्हणाली?”

मी सगळं सांगितलं. अँटी मोरेनिकेला सांगायचं राहिलं, तेही सांगितलं.

“टोमॅटोसुद्धा?”

“टोमॅटोसुद्धा.”

“आणि तुम्ही म्हणालात, भाजी माझी?”

“हो.”

“बरं केलंत,” ती म्हणाली आणि खरोखर हसली, पोट धरून. “माझं नाव सांगितलं असतंत तर कालाबारपर्यंत माझी उगू बदनाम झाली असती.”

मी पट्टीबद्दल बोलायला लागलो. अर्ज, रकाना, तीन पत्रं. ती जुड्या बांधत ऐकत होती. “तुम्ही सातव्या रकान्यात काय लिहायला हवं होतं, हे मला कशाला सांगता?” ती म्हणाली. “मला वाचता येत नाही. मला एवढंच कळलं की कागद नव्हता तोवर मी होते.”

मी टोपल्याकडे बघत राहिलो. लांबट पानांची शोको. नाजूक तेते. पंज्यासारखी उगू. जाड ग्बुरे. मला न विचारता सगळी ओळखता आली. मी चारींची नावं तिला सांगितली, बोट ठेवून ठेवून.

“आता येतंय तुम्हाला,” ती म्हणाली. एवढंच.

सवय जात नाही, म्हणून शेवटचा ताळेबंद मांडतो. म्मा आतिम : एक दुपार, आणि तीही मांसानं भरून निघाली. अँटी मोरेनिके : काही नाही, तिच्या मते भाजी उत्तम झाली होती. ओकवुदिली : खर्च शून्य, जन्मभर सांगायला एक गोष्ट जमा. अदिगुन आणि मंडळ : पाच गाड्यांचं भाडं जमा. सिमी : दोन डाव. मी : थोडी कंबर, थोडी अब्रू खर्च, आणि सावलीतली एक पक्की जागा जमा. बाकी सगळं इया एलेफोनं भरलं.